साडेनऊला हॉल सोडायचा आहे

काकांच्या सत्काराला पाच जण बोलले. एकाने स्वागत केलं, एकाने प्रास्ताविक, दोघांनी आठवणी सांगितल्या आणि अध्यक्षांनी पाऊण तास रंगभूमीची सद्यःस्थिती मांडली. डोंबिवलीतल्या एका वाचनालयाचा हॉल, रविवारची संध्याकाळ, पंखे पाचवर आणि तरीही जो तो निमंत्रणपत्रिकेने वारा घेतोय. शाल, श्रीफळ, मानपत्र, पुष्पगुच्छ, सगळं यथासांग झालं. उत्तर द्यायला काका उठले तेव्हा 9 वाजून 13 मिनिटं झाली होती. इतकं नेमकं आठवतं, कारण माइकपाशी पोचल्यावर त्यांनी आधी दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या नजरेमागोमाग आम्हा सगळ्यांच्या माना वळल्या. मग त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. शाळेच्या तीन शिपायांची नावं वाचली. खुर्च्यांचं भाडं कधीही मागाहून घेणाऱ्या मंडपवाल्याचं नाव वाचलं. एका मुख्याध्यापिकाबाईंचं वाचलं. चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "साडेनऊला हॉल सोडायचा आहे. नमस्कार."

आणि जाऊन बसले.

टाळ्या जरा उशिराच आल्या. भाषण संपलंय हे कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, अठ्ठेचाळीस वर्षं हौशी नाट्यसंस्था चालवलेला, त्याच्यासाठी पुण्या-नाशिकहून लोक आलेले आणि तो दोन मिनिटांत मोकळा झाला. लोक हसत हसत चहाकडे वळले. "काका म्हणजे काकाच," असं कुणीतरी म्हणालं. मला मात्र ते लागलं. का लागलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. घरी येईपर्यंत, कपडे बदलून झोपेपर्यंत, दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभी असतानाही ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. त्या वाचनालयाचा हॉल साडेनऊला सोडायचा नव्हताच. आयोजकांनी तो रात्री अकरापर्यंत घेतला होता आणि हे काकांना ठाऊक होतं.

मानपत्र मी लिहिलं होतं. संस्थेतल्या आताच्या मुलांनी माझ्याकडे ते काम दिलं, कारण मी जुनी आणि लिहिणारी. वाटलं, दोन तासांचं काम. आठ दिवस घेतले. मानपत्राची म्हणून एक भाषा असते, ती येते मला. 'आपण रंगदेवतेची अखंड सेवा केलीत' वगैरे. पण प्रत्येक वाक्यात क्रियापदापाशी येऊन अडायला होई. काकांनी केलं काय? नट म्हणून त्यांचं नाव नाही. एकदा मुख्य नट तापाने पडला म्हणून उभे राहिले होते, तेवढंच. दिग्दर्शन त्यांनी कधी केलं नाही, नाटक लिहिलं नाही. प्रकाशयोजना, नेपथ्य, संगीत, कुठल्याच श्रेयनामावलीत त्यांचं नाव सापडेना. जुन्या प्रवेशिका काढून बसले, तर सगळीकडे तळाला एकच ओळ: 'सूत्रधार'. आणि त्यापुढे त्यांचं नाव. हा शब्द आपण इतका वापरतो की त्यात काय काय मावतं हे पाहायचं राहूनच जातं.

काय काय मावतं, ते मी पाहिलेलं आहे. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते आणि नाटकाचं सामान ते पार्सलसारखंच बांधत. आमच्या प्रॉपर्टीच्या दोन पत्र्याच्या पेट्या होत्या, हिरव्या रंगाच्या. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेली यादी. त्यांच्या टपोऱ्या, किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात: टोप्या काळ्या 4. काठी 1. फोन (बंद) 1. पितळी तांब्या 1, भांडी 2. चष्मे काच नसलेले 3. प्रयोग संपला की मेकअप उतरवायच्या आधी पेटी भरायची. ते यादी मोठ्याने वाचत आणि आम्ही एकेक वस्तू आत ठेवत 'आहे' म्हणायचं, शाळेतल्या हजेरीसारखं. एका वर्षी राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमचं नाटक पहिलं आलं. बाहेर लोक नाचत होते, गुलाल आणला होता कुणीतरी, आणि काका विंगेत उकिडवे बसून एका कानातल्याचा जोड शोधत होते. ते कानातलं माझंच होतं, म्हणजे माझ्या आईचं. त्यांनी टॉर्चने सगळ्या फळ्यांच्या फटी पाहिल्या. सापडलं. कागदात गुंडाळून त्यावर आईचं नाव लिहून माझ्या हातात दिलं आणि मग बाहेर जाऊन गुलाल लावून घेतला.

लेखकाच्या परवानगीचं पत्र, परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, स्पर्धेची प्रवेशिका मुदतीच्या आत, टेम्पोवाला, डिमरवाला, बारा जणांची ऑफिसं आणि त्यांच्या रजा, बारावीतल्या मुलांच्या आयांच्या शंका. हे सगळं करणाऱ्या माणसाला कलावंत म्हणायचं की नाही, हा प्रश्न मानपत्र लिहिताना माझ्यापुढे पहिल्यांदा इतका उघडा उभा राहिला. मी म्हणते, म्हणायचं. पण मानपत्रात ते कसं लिहायचं?

आणि सगळ्यात मोठं काम, हॉलचं. डोंबिवलीचं नाट्यगृह, सावित्रीबाई फुले कलामंदिर, फार नंतर झालं. तोवर तालमीला जागा म्हणजे शाळा, आणि शाळेची जागा म्हणजे शाळेची मर्जी. शाळा सुटली, स्कॉलरशिपचा जादा तास संपला, की सातला किल्ली मिळायची. बाकं मागे सरकवायची, आवाज न करता, म्हणजे उचलून. फळ्यावर कुणीतरी लिहिलेला त्रिकोणाचा प्रमेय तसाच ठेवायचा, पुसायचा नाही, कारण उद्या सकाळी बाईंना तो लागेल. मी कितीतरी वर्षं दुःखान्त प्रवेशांच्या तालमी कोन अ ब क च्या समोर उभी राहून केल्या. खडूचा, घामाचा आणि डब्यांतल्या उरलेल्या लोणच्याचा एक मिश्र वास वर्गात भरून असायचा. आजही कुठल्या शाळेत मतदानाला गेले आणि तो वास आला की मला माझी वाक्यं आठवतात. साडेनऊला बाकं जागेवर, दिवे बंद, किल्ली शिपायाच्या हातात. नऊ वीस झाले की काका दाराशी उभे राहत. प्रवेश कितीही रंगलेला असो. दिग्दर्शक चिडायचे. एकदा एकजण ओरडलाच, "काका, पाच मिनिटं! इथे जीव जातोय लोकांचा!" काका म्हणाले, "उद्या सातला परत घालवू."

आमच्या संस्थेतल्या मुलांना नाटक कळावं म्हणून ते आम्हाला दादरला न्यायचे. मी पहिल्यांदा गेले ती 1989 मध्ये, चौदा वर्षांची होते. सात-आठ मुलं-मुली, प्रत्येकाच्या हातात स्वतःचं तिकीट, हरवलं तर ज्याचं त्याने बघायचं. मला वाटलं होतं शिवाजी मंदिर असणार. झुंबरं, पडदा, वेलबुट्टी. काकांनी आम्हाला भाजीवाल्यांच्या गर्दीतून छबिलदास गल्लीत नेलं, आधी श्रीकृष्णचा एकेक वडा खायला घातला आणि मग एका शाळेच्या जिन्याने वर नेलं. शाळाच होती ती. तसेच जिने, तसेच झिजलेले कठडे. वर हॉल. उंच रंगमंच नाही, मखमली पडदा नाही, नट हाताच्या अंतरावर. बाहेरून दादरचा सगळा कोलाहल आत येत होता. नाटक कुठलं होतं ते मला नीट कळलंही नाही, पण एका बाईच्या कपाळावरचा घाम ओघळून भुवईत थांबला आणि तिने तो पुसला नाही, हे मी इतक्या जवळून पाहिलं की पुढे आठवडाभर तेच सांगत होते सगळ्यांना. परतीच्या गाडीत काका म्हणाले, "बघितलंत ना? शाळाच आहे. आपल्यासारखीच." त्यांना आम्हाला नाटक दाखवायचं होतं की शाळा दाखवायची होती, हा विचार माझ्या मनात पार आत्ता, मानपत्र लिहिताना आला.

त्याच छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या. विजय तेंडुलकरांनी त्यांच्या शाळेतल्या मुलांसाठी नाटुकली लिहून दिली, तिथून त्यांच्या नाटकाचा धागा सुरू होतो. पुढे 'रंगायन' ही नाट्यसंस्था, 1967 मध्ये तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', दिग्दर्शक त्यांचे पती अरविंद देशपांडे आणि नायिका लीला बेणारे म्हणजे सुलभाताई. मग 1971 मध्ये अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली आणि 1974 पासून छबिलदासच्या त्या हॉलमध्ये नाटकं होऊ लागली. त्यातून प्रायोगिक नाटकाची छबिलदास चळवळ उभी राहिली, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात राहून राहून एकाच गोष्टीचं अप्रूप वाटतं. 'आविष्कार'ने तो हॉल स्वतःच्या नाटकांपुरता ठेवला नाही. सत्यदेव दुबे तिथे आले, अमोल पालेकर आले, कुणी नाव न ऐकलेली कॉलेजची पोरं आली. नाटक तुमचं, जागा इथे आहे. स्वतः अव्वल नट आणि दिग्दर्शक असलेली माणसं दुसऱ्याच्या नाटकासाठी दिवे लावून देत होती. आज बाहेरगावचा माणूस 'छबिलदास' म्हणतो तेव्हा त्याला शाळा अभिप्रेत नसते, अख्खा कालखंड अभिप्रेत असतो.

'शांतता!' मी रंगमंचावर मूळ संचात पाहू शकले नाही, वयच नव्हतं. दुबेंनी 1971 मध्ये केलेला चित्रपट पाहिला, त्यातही बेणारे सुलभाताईच. नाटक मात्र इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे. यंदा मानपत्र अडलं म्हणून उगाच पुन्हा हातात घेतलं आणि थबकले. मुंबईची हौशी नाटकमंडळी खेड्यात प्रयोगाला आलीत. नाटकाची सुरुवात कशाने होते? हॉलच्या दाराने. गावातला सामंत कुलूप काढतो, कडी जरा अवघड आहे, बेणारेचं बोट तिच्यात सापडून दुखावतं. आणि पुढे ती जेव्हा सगळं सोडून बाहेर जायला धावते, तेव्हा तीच कडी बाहेरून लागून बसलेली असते. आम्ही कॉलेजात या कडीवर प्रतीक म्हणून दोन-दोन पानं लिहिली आहेत. पण ज्याने हौशी संस्था आतून पाहिली आहे त्याला ती आधी नुसती कडी म्हणून दिसते. परक्या गावचा हॉल, किल्ली कुणाकडे, दार कसं उघडतं, वेळ किती आहे. तेंडुलकरांना हे ठाऊक होतं. आणि बेणारेही शिक्षिकाच. शाळेत शिकवून संध्याकाळी नाटकाला येणारी बाई, शाळेत शिकवून संध्याकाळी नाटकाला येणाऱ्या बाईने उभी केली.

सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला 1987 मध्ये, अभिनयासाठी. त्याच वर्षीच्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. हे दोन तपशील शेजारी शेजारी ठेवले की माझ्या पोटात काहीतरी हलतं. पुरस्कार योग्यच होता. कुणाला शंका आहे? पण अभिनयाला रकाना असतो, दिग्दर्शनाला असतो, नेपथ्यालाही असतो. वर्षानुवर्षं एक जागा इतरांसाठी उघडी ठेवण्याचा रकाना कुठल्या अर्जात असतो? 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की गावोगावी नटराजापुढे नारळ फुटतात, सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं, आणि टाळ्या चेहऱ्यांना पडतात, कारण आपल्याला चेहरेच आठवतात. प्रेक्षक म्हणून मीही तशीच आहे. छबिलदासला जाऊन आल्यावर मला घाम आठवला. दिवा कुणी टांगला, ते मी विचारलं नव्हतं.

'आविष्कार'चे अरुण काकडे, सगळ्यांचे काकडेकाका, 9 ऑक्टोबर 2019 ला गेले तेव्हाच्या श्रद्धांजल्या मी मुद्दाम कात्रणं काढून ठेवल्या आहेत. जो तो लिहीत होता, आणि जो तो माझ्यासारखाच क्रियापदापाशी अडखळत होता. 'आविष्कार'चा कणा, आधारवड, पडद्यामागचा माणूस. कणा बरोबर आहे, पण कणा काय करतो ते कुणाला नीट लिहिता येत नव्हतं. मला लिहायला सांगितलं असतं तर मी 'आविष्कार'ने केलेल्या महेश एलकुंचवारांच्या वाडा त्रिनाट्याचं लिहिलं असतं. 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी', 'युगान्त', तिन्ही सलग, चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन, 1994. सगळं मिळून आठ-नऊ तास. आमच्या काकांनी तेव्हाही संस्थेतल्या मुलांना त्या प्रयोगासाठी पैसे साठवायला लावले होते. आम्ही पोळीभाजीचे डबे घेऊन गेलो होतो, मध्यंतरात अनोळखी लोकांबरोबर चटण्यांची देवाणघेवाण झाली, आणि शेवटच्या भागापर्यंत आम्ही सगळे त्या वाड्यातलेच झालो होतो. प्रयोग सुटल्यावर नाटकाबद्दल बोलायला कुणाला सुचत नव्हतं. काकाच म्हणाले, "नऊ तासांचं नाटक करायचं म्हणजे एवढ्या सगळ्यांच्या चहाचं काय केलं असेल रे यांनी?" आम्ही पोरं वैतागलो. एवढं डोंगराएवढं नाटक पाहून यांना चहा सुचतो! आता वाटतं, आमच्यापैकी त्या एकट्यानेच त्या दिवशी पूर्ण प्रयोग पाहिला होता.

काका दैवत नव्हते, हेही लिहायला हवं. मानपत्रात लिहिता आलं नाही म्हणून इथे लिहिते. ते हट्टी होते. दोन चांगले दिग्दर्शक त्यांच्या वेळेच्या जाचाला कंटाळून सोडून गेले, त्यातला एक खरोखर मोठा झाला असता असं मला अजून वाटतं. मला त्यांनी चार वर्षं प्रॉम्प्टिंगला बसवलं. मी रडले होते त्यापायी. आणि काकू. तालमीनंतर वीस-वीस माणसं त्यांच्या दोन खोल्यांत उतरायची, काकू पातेलंभर पोहे करायच्या आणि ओट्याशीच उभ्या राहून राहिलेले खायच्या. त्यांना नाटक आवडायचं का, हे आम्ही कुणीच कधी विचारलं नाही. सत्काराच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, निळी नारायणपेठ नेसून. व्यासपीठावर त्यांना बोलवायचं आयोजकांच्या आधी लक्षात आलं नाही, मग घाईघाईने एक पुष्पगुच्छ दिला गेला. मानपत्रात त्यांच्यावर माझं एक वाक्य आहे. एकच. 'सौभाग्यवतींची समर्थ साथ'. माझ्याच हातून ते लिहिलं गेलं आणि वाचलं जात असताना मला मान वर करवेना.

'आविष्कार'ने अरविंद देशपांड्यांच्या नावाने जो स्मृतिमहोत्सव चालवला, त्याचा विचार या सगळ्यात पुन्हा पुन्हा येत राहिला. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून काय करायचं, तर वेगवेगळ्या संस्थांना बोलवायचं आणि त्यांची नाटकं लावायची. स्मृतिदिनी येऊन कुणा पोराने आपलं कच्चं, नवं, धडपडणारं नाटक तिथे करायचं. अरविंद देशपांड्यांचे गोडवे गायले नाहीत तरी चालेल, जागा वापरा. पुढे छबिलदास सुटलं, माहीमच्या पालिका शाळेत बस्तान गेलं. पुन्हा शाळाच! 'आविष्कार'च्या बालविभागातली, चंद्रशाळेतली किती मुलं 'दुर्गा झाली गौरी' या बालनाट्यातून रंगमंचावर पहिलं पाऊल टाकून गेली असतील. 4 जून 2016 ला सुलभाताई गेल्या त्या दिवशी माझ्या फोनवर सर्वांत आधी निरोप आला तो काकांचा. त्यात दोनच शब्द होते. 'बाई गेल्या.' ते त्यांना सुलभाताई म्हणत नसत. शाळेतल्या बाई असतात ना, तसं 'बाई' म्हणत. त्यांची आणि सुलभाताईंची ओळख असल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

सत्कारानंतर पंधरा दिवसांनी मी काकांकडे गेले. कारण तसं काही नव्हतं, वाक्य काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. काकूंनी दडप्या पोह्यांची बशी पुढे केली. मी सरळच विचारलं, "काका, हॉल अकरापर्यंत होता. तुम्हाला माहीत होतं. मग असं का केलंत? लोक तुम्हाला ऐकायला आले होते."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही, हल्ली डाव्या कानाने कमी येतं त्यांना. मग म्हणाले, "अगं, साडेनऊ वाजत आले की मला सुचतच नाही काही."

"शिपायासाठी ना? त्याला कसाऱ्याची गाडी असायची."

"त्याची गाडी दहानंतरची. तो थांबला असता की." त्यांनी बशीतला खोबऱ्याचा कण बोटाने टिपला. "तुमच्या घरी शब्द दिला होता. तू, ती जोशांची, आणि स्टेशनकडच्या त्या दोघी बहिणी. पावणेदहाच्या आत दारात आणून सोडीन म्हणून. तुझे वडील म्हणाले होते, एक दिवस पावणेदहाचे दहा झाले तर दुसऱ्या दिवसापासून येणार नाही ती."

मला हे माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांत ना बाबांनी सांगितलं, ना काकांनी. बाबा जाऊनही आता नऊ वर्षं झाली. मला एवढंच आठवतं की तालमीनंतर काका सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालत यायचे, कधी सायकलवर बसायचे नाहीत, आणि आमच्या बिल्डिंगखाली आलं की बाबा गॅलरीत उभे असायचे. दोघं एकमेकांना हात करायचे. बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बाबांना काका आवडत नाहीत. मग काका वळून पुढच्या मुलीला सोडायला निघायचे. त्या सायकलचं चेनकव्हर सैल होतं, ते प्रत्येक फेऱ्याला कटकट वाजायचं, आणि तो आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत बाबा गॅलरीतच उभे राहायचे.

काकू आतून म्हणाल्या, "आणि घरी यायला यांना साडेदहा व्हायचे. चौघींची तीन टोकं."

मी पोहे संपवले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग उगाच इकडेतिकडे पाहिलं तर भिंतीवर मानपत्र कुठे दिसेना. एवढी सोनेरी फ्रेम, काच, वर संस्थेचं बोधचिन्ह. मी विचारल्यावर काका उठले, पलंगाखालून हिरवी पेटी ओढली. तीच. कडेचा रंग उडालाय, एक कडी बदललीय. नव्या मुलांचं नाटक बसतंय, म्हणाले, एका निवृत्त मास्तरांच्या घराचं नेपथ्य आहे, भिंतीवर लावायला काहीतरी हवं होतं. जुन्या साडीत गुंडाळून, चारी बाजूंनी सुतळी बांधून, पुठ्ठ्याचं लेबल लावून मानपत्र आत ठेवलेलं होतं, पार्सलसारखं. झाकणाच्या आतली यादी मी खालपर्यंत वाचली. अक्षर आता थरथरतं, पण डावीकडेच कललेलं आहे.

फोन (बंद) 1. पितळी तांब्या 1, भांडी 1. चष्मे काच नसलेले 2. फ्रेम, काचेची, 1 — जपून.

काकांनी यादी वाचायला सुरुवात केली. मी एकेका वस्तूला हात लावून 'आहे' म्हणत गेले.